कन्नड घाट आणि मळ्याची वाट: नुसते एबीएस पुरेसे, की ट्रॅक्शन कंट्रोलही घ्यावे?

प्रश्न (भडगाव)

नमस्कार. आमचा केळी-कपाशीचा मळा भडगावजवळ आहे आणि मुलांच्या शिक्षणासाठी कन्नड घाटाने छत्रपती संभाजीनगरला नेहमी जावे लागते. वापरलेल्या दोन गाड्या पसंत पडल्या आहेत. एकीत फक्त एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. दुसरीत ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाक जागीच गरगरू न देणारी यंत्रणा) आणि ईएससीही (वळणावर घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे, पण ती गाडी महाग आहे. एबीएसमुळे ब्रेक उशिरा लागतो, म्हणून त्याचा फ्यूज काढावा, असे एका परिचितांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे, गाडीदुरुस्तीचा व्यवसाय)

फ्यूज कृपया काढू नका. चाक जाम होऊन घसरू लागले की स्टीअरिंग कितीही फिरवले तरी गाडी वळत नाही, आणि घाटाच्या ओल्या वळणावर हेच सर्वांत घातक ठरते. एबीएसमध्ये प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्याचा वेग मोजत असतो. एखादे चाक अचानक थांबू लागल्याचे दिसताच संगणक त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा दाब रोखतो, गरज पडल्यास कमी करतो आणि पकड परत येताच पुन्हा वाढवतो. हे एका सेकंदात अनेकदा घडते, म्हणून पेडल थरथरते आणि घरघर ऐकू येते. त्या थरथरीला घाबरून पुष्कळ जण पाय उचलतात. तसे न करता पेडल पूर्ण दाबून ठेवावे आणि गाडी अडथळा टाळून बाजूने काढावी.

आपल्या परिचितांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. सुट्या खडीवर किंवा मुरमावर जाम झालेल्या चाकापुढे खडीचा ढीग साचून गाडी लवकर थांबते. एबीएस चाक फिरते ठेवत असल्याने तिथे अंतर वाढू शकते. अशा रस्त्यावर वेग कमी ठेवणे हाच उपाय आहे.

ट्रॅक्शन कंट्रोल त्याच सेन्सरांवर चालते, पण वेग घेताना. एक चाक जागीच गरगरू लागले की इंजिनाचा जोर कमी केला जातो आणि त्या चाकाला ब्रेक लावला जातो, त्यामुळे डिफरन्शियलमधून (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचातून) पकड असलेल्या चाकाला जोर मिळतो. ईएससी याच्या पुढे जाऊन, गाडी वळणावर बाजूला सरकू लागली तर नेमक्या चाकाला ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. तुमचा घाटाचा प्रवास पाहता माझे मत निःसंशय दुसऱ्या गाडीच्या बाजूने आहे. मात्र टायर गुळगुळीत झाले असतील, तर आधी ते बदलावेत.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. पावसाळ्यात मळ्याच्या काळ्या चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल अडचणीचे ठरेल का? आणि जुन्या गाडीत ही यंत्रणा चालू आहे हे कसे ओळखावे?

उत्तर (चोपडा)

खोल चिखलात चाकाला थोडे फिरू देणे गरजेचे असते आणि नेमका तेव्हाच इंजिनाचा जोर तोडला जातो. त्यामुळे बटण असल्यास तेवढ्यापुरते बंद करावे आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा सुरू करावे. तपासणीसाठी किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का, ते पाहावे. तो पेटलेलाच राहिला तर साधा ब्रेक लागेल, पण एबीएस काम करणार नाही. तो मुळीच लागत नसेल तर दोष लपवण्यासाठी दिवाच काढलेला असू शकतो, म्हणून व्यवहारापूर्वी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे उपकरण) लावून घ्यावा.