'तुम्ही ग्राहक नाही, पाठीराखे आहात': मग पानावर 'सूट' कशाची होती?

रामदासपेठकर

माझा धाकटा भाऊ एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. मे महिन्यात भर दुपारी मेडिकल चौकातून सदर, सदरहून इतवारी, अशी त्याची गाडीवर फिरती असते. नवतप्यात पारा ४५ च्या वर गेला की डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून तो घराबाहेर पडतो. म्हणून गेल्या डिसेंबरात एका विदेशी क्राउडफंडिंग साइटवर (वस्तू बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करतात तिथे) गळ्यात घालायचा थंड पंखा दिसला, तेव्हा ९ हजार रुपये भरून मी तो त्याच्यासाठी नोंदवला. मार्चअखेर मिळेल असं लिहिलं होतं. आला ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर. कस्टम ड्यूटी कुरिअरवाल्याने दारात वेगळी घेतली.

नुसता उशीर असता तर इथे लिहिलं नसतं. ही पंख्याची कंपनी म्हणजे काही खोलीत बसून सर्किट जोडणारी दोन पोरं नाहीत. यांचे पंखे कित्येक वर्षं बाजारात आहेत. जूनमध्ये, माझा पंखा 'तयार होत आहे' असं मला सांगत असतानाच, यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर तोच पंखा 'तीन दिवसांत रवाना' म्हणून विकायला होता. माझ्यापेक्षा १२०० रुपयांनी स्वस्त. मी पैसे परत मागितले. उत्तर आलं: तुम्ही ग्राहक नाही, आमचे पाठीराखे आहात, ही खरेदी नव्हती.

मग क्राउडफंडिंग साइटवरच्या त्यांच्या पानावर '४० टक्के सूट, फक्त १७ नग शिल्लक' हे कशाला लिहिलं होतं? घेताना दुकानदार आणि देताना होतकरू, हे मला मान्य नाही.

क्राउडफंडिंगलाच माझा विरोध नाही. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये काढून १९७६ मध्ये एक अख्खा सिनेमा उभा केला होता. पेबल घड्याळाला मोठे गुंतवणूकदार मिळेनात, तेव्हा २०१२ मध्ये किकस्टार्टर या क्राउडफंडिंग साइटवर ६८ हजारांहून अधिक लोकांनी १ कोटी डॉलरच्या वर पैसे दिले. तिथे जोखीम होती, पण उघड होती. ज्याच्याकडे कारखाना आहे, माल आहे, त्याने बिल द्यावं, तारीख द्यावी, परतीची सोय द्यावी. नाहीतर हे आपल्याकडून घेतलेलं बिनव्याजी कर्जच झालं.

हिंगणा_एमआयडीसी

ताई, तुमच्या बाबतीत चूक झाली हे कबूल. पण म्हणून जुन्या कंपनीने तिथे येऊच नये, हे पटत नाही. मी प्लास्टिकचे पार्ट बनवतो. एका पार्टचा डाय, म्हणजे साचा, बनवायलाच लाखांत पैसे जातात, आणि तेव्हा हातात एकही नग आलेला नसतो. दहा वस्तू विकणाऱ्याला अकरावी चालेलच याची खात्री कुठे असते? बँक तारण मागते. गोडाऊन भरून माल पडून राहिला तर छोटा कारखाना बसतो. आधी नोंदणी घेऊन मागणी कळली तर किती नग काढायचे ते ठरवता येतं. त्या जोखमीसाठीच लोकांना कमी भाव देतात.

काटोलचा_बागवान

भाऊ, आमच्या इकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा फळ झाडावर असतानाच होते. व्यापारी इसार देते. गारपीट झाली, फळगळ झाली त त्याचं नुकसान. पण म्हणूनच तो स्वतः बागेत येऊन झाडं पाहते, भाव पाडून घेते, आन तोडा सुरू झाला का पहिला माल त्याचाच. इसार एकाचा ठेवून माल दुसऱ्याले कळमन्याच्या बाजारात विकला, त त्या बागवानाच्या बांधावर पुढच्या साली कोणी पाय नाही ठेवत. ताईचा इसार घेतला आन माल दुसऱ्याले दिला. याच्यात डायचा काय संबंध?

सोंगटी_फासे

मी विरुद्ध बाजूने बोलतो. मी बोर्ड गेम खेळतो आणि आतापर्यंत १४ गेम असेच घेतलेत. दोनदा फसलो, तरी घेतो. मोठ्या पेट्या, शेकडो बाहुल्या असलेले गेम दुकानात ठेवायला कोणी धजत नाही, एवढी छपाई आधी करणं परवडत नाही. 'फ्रॉस्टहेवन' हा गेम काढणारे नवखे नव्हतेच. २०२० मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर जमले, गेम वर्षभराहून जास्त उशिरा आला, पण आला, आणि उत्तम आला. कंपनी जुनी आहे म्हणूनच मी पैसे देतो. नवख्यांनीच मला बुडवलंय. आणि ताई, पैसे भरण्याआधी अटी वाचल्या होत्या का?

रामदासपेठकर

वाचल्या होत्या. 'उशीर होऊ शकतो' असं होतं. 'तुमच्या आधी दुसऱ्यांना विकू' असं कुठेही नव्हतं.

तुमचा गेम छापलेला नसताना तुम्ही पैसे दिले. माझा पंखा तयार होता. हा फरक सोडून आपण बोलतोय. 'आम्ही दुकान नाही' हे किकस्टार्टरने स्वतः सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर केलं. वस्तू अस्तित्वात नसताना खरी वाटणारी संगणकी चित्रं दाखवायला बंदी केली, जोखीम लिहून द्यायला लावली. तरी २०१४ मध्ये तिथेच 'कूलेस्ट कूलर' (बर्फात थंड पेयं ठेवायचा डबा) आला. ६२ हजारांवर लोकांचे मिळून १ कोटी ३० लाख डॉलर. हजारो लोक वाट पाहत असताना तो अ‍ॅमेझॉनवर विकला गेला. २०१९ मध्ये कंपनी बंद पडली तेव्हा सुमारे २० हजार लोकांच्या हातात काहीच नव्हतं. साइटला जमलेल्या रकमेवर ५ टक्के मिळतात, मग मोठी कंपनी दारात आली तर साइट तिला का अडवेल?

वकीलवाडी

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मोबदला देऊन वस्तू घेणारा ग्राहक असतो. समोरच्याने 'पाठीराखा' म्हटल्याने ते बदलत नाही, असं माझं मत. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अडचण पुढे आहे: कंपनीचं भारतात ऑफिस नसेल तर आदेश बजावणार कुणावर? म्हणून कार्डाने पैसे दिले असतील तर आधी बँकेकडे व्यवहाराचा वाद नोंदवा, त्याला मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनलाही कळवा.

हिंगणा_एमआयडीसी

बागवान दादांचं इसाराचं पटलं. माल तयार असेल तर साइटने घेऊच नये, आणि आधी पैसे देणाऱ्याला आधी माल, एवढं लेखी हवं. पण दार सरसकट बंद करू नका. उद्या माझ्यासारख्याला स्वतःची वस्तू काढायची झाली तर मी कुठे जाऊ? माझंही वीस वर्षांचं दुकान आहे, म्हणजे मीही जुनाच झालो.

रामदासपेठकर

दादा, तुम्ही डाय दाखवून पैसे मागा, मी पहिली नोंदवेन. खरंच सांगते.

वकीलसाहेब, कार्डाचे कागद काढले आहेत, बँकेत जाते. १९१५ ला उद्याच फोन लावते. आणखी एक आत्ता पाहिलं. पंख्याची वॉरंटी सहा महिन्यांची आहे, पाठवल्या दिवसापासून. म्हणजे एप्रिलमध्ये संपणार. भाऊ तो पहिल्यांदा गळ्यात घालेल मेमध्ये.