मदत हवी आहे: वहीगायनाच्या वर्गासाठी निधी

राम राम मंडळी. साक्री तालुक्यातल्या ऊसतोड मजुरांच्या 12 मुलामुलींसाठी वहीगायन (डफाच्या साथीनं गायचं खानदेशी लोकगायन) आणि डफाचा वर्ग काढतोय. दिवाळीनंतर ही कुटुंबं तोडीला जातात, म्हणून वर्ग जुलै ते ऑक्टोबरच. पण पावसाळी हवेत डफाचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. दर वेळी शेकावं लागतं आणि जास्त तापलं तर फाटतं. 6 डफांमागे 2 जादा कातडी धरलीत. खरा खर्च शिकवताना गुरूंची जी मजुरी बुडते तिच्या भरपाईचा, म्हणजे मानधनाचा, आणि देणगीदार नेमका तोच खोडतात. वाद्यं, बॅनर लगेच मंजूर! कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर) कशावर खर्चता येतो त्याची यादी असलेल्या कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये पारंपरिक कला येतात, आणि हा निधी घेण्यासाठी लागणारा संस्थेचा नोंदणी अर्ज, सीएसआर-1, भरलेला आहे. मानधन कोणत्या शीर्षाखाली मांडलं की टिकतं? मंजूर अंदाजपत्रकाचा नमुना कुणी दाखवाल का?