मुलाखतीत नापास म्हणजे नेमकं कशात नापास? बहिणीच्या ॲडमिशनबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, जि. यवतमाळ. लहान बहिणीच्या ॲडमिशनचा प्रश्न आहे, थोडं लांबेल.

तिला बारावी सायन्सला 91 टक्के. डॉक्टर-इंजिनिअर नको, अर्थशास्त्र शिकायचं म्हणाली. तिच्या सरांनी राज्याबाहेरचं एक नामांकित खाजगी विद्यापीठ सुचवलं, घरची परिस्थिती पाहून फी माफ करतात म्हणून. लेखी परीक्षेतून ती पुढे गेली, निबंध पाठवला, ऑनलाइन मुलाखत झाली. मग मेल: यंदा अर्ज फार चांगले होते, आम्ही जागा देऊ शकत नाही. मार्क नाहीत, नंबर नाही, कारण नाही. उलट मेल टाकून विचारलं तर 'आम्ही अर्जाचा समग्र विचार करतो' एवढंच.

मी स्वतः कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, पॉलिटेक्निकला लागलो. कोणत्या कॅटेगरीचा कटऑफ कुठं थांबला, सगळं पीडीएफमध्ये यायचं. हुकलं तरी कितीनं हुकलं ते कळायचं. इथं बाबा रोज विचारतात, "पोट्टी कमी कुठं पडली?" आणि माझ्याकडे उत्तर नाही. त्यात तिच्याच अभ्यासिकेतल्या एका पोराला तिथं घेतलं, बारावीला तो हिच्या बराच मागे. गावात लगेच सुरू, पैसे चारले असतील. मला नाही वाटत. त्याच्या घरी चारायला आहे काय?

मुलाखत ग्रामपंचायतीच्या ऑफिसात बसून दिली, घरी रेंज नसते. मधात लाईन गेली, मग माझ्या हॉटस्पॉटवर. पॅनेलवर दोघं, सगळं इंग्रजीत. लीडरशिपचा अनुभव सांग म्हणाले. ही म्हणे, तसा काही नाही! मी दाराशी उभा होतो, कपाळावर हात मारला. अहो, कापसाच्या वेचणीत रोज संध्याकाळी पंचवीस-तीस बायांचं वजन काट्यावर हीच करते. कुणाचे किती किलो, कुणी उचल घेतली, कुणी सकाळी दवातला ओला कापूस तसाच गाठोड्यात कोंबला, सगळं तिच्या वहीत. बाजाराच्या दिवशी चुकारा तिच्या हातचा. बाबांच्या हिशेबावर बाया वाद घालतात, हिच्या नाही. पण हे मुलाखतीत सांगायचं असतं हे तिला कोण सांगणार? शहरातल्या पोरांना सांगणारे घरीच असतात.

आता नागपूरचा एक काउन्सेलर 40 हजारांत 'प्रोफाइल' बनवून देतो म्हणतो. निबंधात कर्ज, नापिकी, बोंडअळी सगळं टाकू, पॅनेल विरघळतं, असा त्याचा हिशेब. बहीण भडकली. "बाबांचं कर्ज दाखवून सीट मागू का?"

तर असं आहे. हे लोक ठरवतात कसं? आरटीआय टाकून काही निघेल का? पुढच्या वर्षी पुन्हा भरायचा तर बदलायचं काय, की यवतमाळलाच बी.एस्सी. करू द्यावं?

वऱ्हाडी वकील:
भाऊ, 1981 चा अजय हासिया खटला बघा. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात लेखी 100 मार्कांची आणि तोंडी 50 ची होती. पोरांची तक्रार काय, तर दोन-तीन मिनिटांत मुलाखत उरकली आणि विचारलं ते आईवडील कोण, राहता कुठं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, तोंडीला 15 टक्क्यांवर वजन देणं ही मनमानी. मुलाखती टेप करा असंही सुचवलं. पण ते कॉलेज सरकारी पैशावर चालणारं होतं. खाजगी विद्यापीठाला हा निकाल तसाच्या तसा लागू होत नाही. कोर्ट-आरटीआयच्या नादात पोरीचं वर्ष घालवू नका.

चिखलदऱ्याची ताई:
हार्वर्डवर 2014 मध्ये केस झाली, त्यात पुढे आतले कागद बाहेर आले. अभ्यास, उपक्रम, खेळ आणि 'व्यक्तिमत्त्व', प्रत्येकाला 1 ते 6 मधला आकडा, 1 सगळ्यात वरचा. शेवटी 40 जणांची समिती मतदान करते. आशियाई वंशाची मुलं अभ्यासात पुढे, पण व्यक्तिमत्त्वाच्या आकड्यात सरासरीनं मागे, भांडण त्याचंच. 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं वंश बघून प्रवेश देणं बंद केलं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप मात्र त्या निकालानं गेलं नाही. म्हणजे आकडे असूनही शेवटी माणसाचंच मत. तुमच्या बहिणीच्या जागी दुसरे दोघं पॅनेलवर असते तर निकाल वेगळा लागला असता, असं मी तरी धरून चालेन. बाबांना हेच सांगा.

काउन्सेलरला एक रुपया देऊ नका. निबंधात ती वही येऊ द्या, कर्ज नको. ओल्या कापसावरून बाई भांडायला उठली तर ती काय करते, एवढं एक लिहिलं तरी पुरे. आणि तुमच्या यवतमाळातच सुरू झालेली राजू केंद्रेंची एकलव्य ही संस्था आहे, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या पोरांना याच प्रवेशांसाठी मार्गदर्शन करतात. तिथं विचारा.

धागाकर्ता:
धन्यवाद वकीलसाहेब, ताई. ओल्या कापसाचं विचारलंत म्हणून सांगतो. ती वजन कापत नाही. गाठोडं सोडायला लावते, कापूस पसरवते आणि त्या बाईचं वजन शेवटी घेते. यावरून आईशीही तिचं वाजलं आहे, आईला वाटतं घरी जायला उशीर होतो बायांना. हे लिही म्हटलं तर म्हणे, यात काय लिहायचं. बघू, समजावतो.

एकलव्यला सोमवारी फोन लावतो. तोवर एक सांगा: बी.एस्सी.ला ॲडमिशन घेतली की टीसी कॉलेजात जमा होते. पहिलं वर्ष करून ती काढायची तर कॉलेजं पुढच्या दोन वर्षांची फी मागतात असं ऐकलं. खरंच तसं कुणासोबत झालं आहे का? शुक्रवारी फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे.