पेटन मॅनिंग : वारशाचे देणे किती, स्वतःचे किती?

धागालेखक : अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल ठरवून चेंडू फेकणारा खेळाडू. पेटन मॅनिंगसारख्या क्वार्टरबॅकला केवळ 'खानदानी' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. वडील आर्ची न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे क्वार्टरबॅक होते, हे खरे; पण १९९८ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वांत आधी निवडलेल्या पेटनचे पहिल्याच हंगामात २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच झेलले आणि संघ १६ पैकी १३ सामने हरला, तेव्हा आडनावाने त्याला वाचवले नाही. पुढच्याच वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले, ते मेहनतीचे फळ होते.

पहिला प्रतिसाद : मी असहमत आहे. आडनावाचे वजन पाहायचे असेल, तर धाकट्या भावाचे, एलायचे उदाहरण घ्या. २००४ मध्ये एलायला सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळायचे नाही, असे मॅनिंग कुटुंबाने आधीच कळवले होते. तरीही चार्जर्सने त्याला निवडले आणि त्याच दिवशी तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. सामान्य घरातल्या मुलाचा असा नकार कोणी ऐकून घेतला असता? शिवाय अपयश पचवण्याचे शिक्षणही पेटनच्या घरातच होते. आर्ची असताना सेंट्सना एकाही हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळाले नाहीत. १९८० मध्ये तर संघ १५ सामने हरला आणि संघाचेच चाहते डोक्यावर कागदी पिशव्या घालून मैदानात बसत.

दुसरा प्रतिसाद : आपण दोघेही थोरल्या कूपरला विसरलात. न्यूमन शाळेच्या संघात पेटन चेंडू फेकायचा आणि कूपर तो झेलायचा. पुढे पाठीच्या कण्याची नळी अरुंद असल्याचे निदान झाले आणि वयाच्या अठराव्या वर्षी कूपरचा खेळ संपला. घर तेच, वडील तेच. शरीराने मात्र साथ दिली नाही. कूपरचा १८ हा क्रमांक पेटनने शाळेत घेतला आणि व्यावसायिक कारकिर्दीत अखेरपर्यंत पाठीवर वागवला. माझ्या लेखी खरा वारसा तो आहे.

धागालेखक : एलायबाबतचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही मानेवरील शस्त्रक्रियांमुळे २०११ चा पूर्ण हंगाम हुकलेला, मार्च २०१२ मध्ये कोल्ट्सने सोडून दिलेला पेटन डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे जातो आणि २०१३ च्या हंगामात ५५ टचडाउन पासांचा, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या पासांचा, विक्रम करतो, याचे श्रेय मी घराण्याला देऊ शकत नाही.

पहिला प्रतिसाद : श्रेय त्याचेच आहे. मात्र पुन्हा उभे राहण्याची संधी किती जणांना मिळते, हा माझा प्रश्न कायम आहे.