सांगलीत कलेला आणि छोट्या धंद्यांना अनुदान द्यायचं झालं तर ठरवणार कोण आणि कशावरनं?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण शेवटपर्यंत वाचा, मला खरंच मतं पाहिजेत. आम्ही सांगली-मिरजेतले हौशी नाटकवाले आणि घरगुती धंदा करणाऱ्या काही जणी असे बारा-तेरा जण मिळून महापालिकेच्या पुढच्या बजेटसाठी एक लेखी सूचना देणार आहोत. शहरानं दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढावी आणि त्यातनं कलेसाठी आणि छोट्या धंद्यांसाठी अनुदान द्यावं, एवढीच सूचना. पाणी, गटार, दिवाबत्ती ही कामं महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मधे बंधनकारक आहेत, आमचं हे ६६ मधल्या ऐच्छिक कामांत येणार, म्हणजे पैसे उरले तर. ते मान्य आहे. रक्कम किती यावर आमच्यात वादच नाही, वाद आहे तो ठरवणार कोण यावर आणि त्यात तीन मीटिंगा गेल्यात.

एक जण म्हणतो नगरसेवकांनी आपापल्या प्रभागातली नावं द्यावीत, त्यांना लोकांनी निवडून दिलंय. दुसरा म्हणतो जाणकारांची समिती नेमा, राजकारण नको. तिसरी म्हणती समिती म्हणजे आपल्याच ओळखीचे चार लोक, त्यापेक्षा सरळ जाहिरात काढा, कागद पूर्ण असतील त्याला द्या. आणि कलेचा आणि धंद्याचा पैसा एकाच खात्यात ठेवायचा का दोन वेगळे, हे आणि वेगळंच भांडण.

मला हे एवढं का लागतंय ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ठिकाणी एकांकिका महोत्सवासाठी अर्ज केलेला. सगळा मिळून खर्च अठ्ठावीस हजार, आणि मागितलं काय तर तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट. पदरचे पैसे घालून सीएकडनं करून घेतला, दिला, आणि त्यानंतर काहीच नाही. मिळालं नाही याचं वाईट वाटलंच, पण नाही म्हणून दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. कशात कमी पडलो ते कळलं असतं तर पुढच्या वर्षी सुधारून अर्ज केला असता. आमची पोरं तेव्हापास्नं अर्ज म्हटलं की नकोच म्हणतात.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी सांगितलं म्हणून. एकच माणूस ठरवणारा, आणि तो रसिक होता. १८५१ ला ते गेले, दरबारचा आधार तुटला आणि भाव्यांना नाटकमंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. म्हणजे ठरवणारा चांगला असून भागत नाही, तो नसला तरी चालंल अशी पद्धत पाहिजे. ती कशी बांधायची ते सांगा.

जवारी_मिरज

दादा, आम्ही सतार-तंबोरे करणारी माणसं, घरात पिढ्यानपिढ्या हेच. तुमचं दोन खाती का एक हे भांडण वाचलं आणि मला वाटलं हे आमच्यावरच लिहिलंय.

कलेच्या खिडकीवर गेलो की म्हणतात तुम्ही वाद्य विकता, हा धंदा झाला, उद्योगाकडं जावा. उद्योगाच्या खिडकीवर गेलो की मशीन किती, कामगार किती, वर्षाची उलाढाल किती. आमच्याकडं मशीन म्हणजे हात. केंद्राची विश्वकर्मा योजना २०२३ ला आली, १८ व्यवसाय आहेत त्यात, सुतार आहे, कुंभार आहे, खेळणी करणारा आहे, हार करणारा आहे, पण वाद्य करणारा असा वेगळा नाही. आता सतारीचं अर्धं काम सुतारकीच हाय म्हणून सुतारात बसवा म्हणावं तर उरलेल्या अर्ध्याचं काय? २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, फार आनंद झाला, पण जीआय म्हणजे नाव सुरक्षित झालं, त्यानं वाद्याला लागणारे भोपळे येत नाहीत.

भोपळ्याचंच सांगतो म्हणजे अनुदान कसलं पाहिजे ते कळंल. भोपळा पंढरपूर भागातनं येतो, शेतात पीक निघतं तेव्हाच घ्यायचा, रोख पैसे देऊन, एकदम वर्षाचा. घेतला की वाळवायचा, त्यातले काही तडकतात, काहींचा घेर बसत नाही. म्हणजे पैसे आज गेले ते वाद्य विकल्यावर परत येणार, मधे कितीतरी महिने. बँकेचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यापास्नं सुरू. त्यामुळं आम्हाला मोठी रक्कम नको, वेळेवर पाहिजे. बजेट मार्चमधे मंजूर, जाहिरात ऑगस्टमधे, पैसे पुढच्या फेब्रुवारीत असं असलं तर ते आमच्या काही कामाचं नाही.

आणि समितीत कोण पाहिजे म्हणाल तर आमच्या अर्जाला एक गाणारा पाहिजे. तंबोऱ्याची जवारी (घोडीवरनं तारेला येणारा गुंजणारा सूर) बरोबर लागलीय का नाही ते कानानं कळतं, उलाढालीच्या तक्त्यात कळत नाही.

लेखा_विभाग_निवृत्त

मी एका नगरपालिकेत (सांगली जिल्ह्यातली नाही) लेखा विभागात ३१ वर्षं होते. दुसऱ्या बाजूचं थोडं सांगते.

ऑडिट मागतात ते त्रास द्यायला नाही मागत. सार्वजनिक पैसा दिला की उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि सही करणाऱ्याच्या पेन्शनपर्यंत जातं प्रकरण, मी पाहिलंय. म्हणून अधिकारी जास्तीत जास्त कागद मागून स्वतःला सांभाळतो. यावर उपाय कागद रद्द करणं हा नाही, रकमेप्रमाणं कागद ठरवून देणं हा आहे आणि ते ठरावातच लिहून घ्या, म्हणजे अधिकाऱ्यालाही धीर येतो. उदाहरणार्थ पन्नास हजाराच्या आत असेल तर बँक पासबुक, खर्चाची बिलं, प्रयोगाचे फोटो आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामालाच लागले असं लिहून देणं), बस. नोंदणीची सक्तीसुद्धा नको, तिघांनी मिळून जबाबदारीचं हमीपत्र द्यावं. त्याच्या वर गेलं की मग नोंदणी आणि सीएचा रिपोर्ट.

हप्ते. हा मुद्दा कुणी लक्षात घेत नाही. निम्मे आधी आणि निम्मे काम झाल्यावर असं सगळीकडं छापील असतं. रस्त्याच्या ठेकेदाराला ते चालतं, त्याच्याकडं भांडवल असतं. नाटकवाल्याला हॉलचं भाडं, लाईटवाला, नेपथ्य, सगळं पडदा उघडायच्या आधी द्यावं लागतं. शेवटी तो सावकाराकडं जातो आणि अनुदानातलं व्याजात जातं. ७५ टक्के आधी द्या.

समितीबद्दल माझं ठाम मत आहे. नगरसेवक किंवा अधिकारी यांच्या हातात निवड नको, त्यांच्या हातात नियम आणि रक्कम असावी. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती बघते, महासभा मंजूर करते, तिथं त्यांनी कलेला किती आणि धंद्याला किती ते ठरवावं. त्यानंतर कुठला अर्ज हे बाहेरच्या पाच-सात लोकांनी गुण देऊन ठरवावं. त्यातल्या कुणाचा भाचा, सून, मंडळ अर्जात असेल तर त्यानं त्या वेळी खोलीबाहेर जायचं आणि बाहेर गेल्याचं इतिवृत्तात लिहायचं. दोन वर्षं झाली की माणसं बदलायची.

आणि तिसरी घंटा, तुम्हाला उत्तर मिळालं नाही ते चुकीचंच झालं. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ (१) (ख) वाचा. त्यात अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम ठेवली, कुणाला दिली हे कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं असं स्पष्ट आहे. तुमच्या सूचनेत त्यापुढं एक पाऊल टाका, ज्यांना मिळालं नाही त्यांचेही गुण आणि कारण बोर्डावर लागले पाहिजेत.

गणपती_पेठ_दुकान

मी विरोधात आहे, स्पष्टच सांगतो. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटाच्या वर गेलं, माझ्या दुकानात छातीएवढं पाणी. २०२१ ला परत. आधी नाले, आधी पाणी उपसायची सोय, मग नाटक. घरपट्टी आम्ही भरतोय.

आता तुम्ही देणारच असाल तर एक ऐका. पुरानंतर मदतीला अर्ज करायला गेलो तर कागद मागितले. कागद सगळे दुकानातच होते, लगदा झाला होता त्याचा. शेजारी एक जण फरसाणचं दुकान चालवायचा, नियमानं सगळं, त्याचंबी तसंच. ज्याचे कागद घरी पहिल्या मजल्यावर होते त्याचं काम आधी झालं. म्हणजे नुकसान किती यापेक्षा फाईल कुठं ठेवलेली यावर ठरलं. म्हणून म्हणतो गुणाबिणाच्या नादी लागू नका. पंचवीस-तीस हजाराचं अनुदान असेल तर आधी पात्र-अपात्र बघा, आणि पात्र असतील त्यांच्या सरळ चिठ्ठ्या काढा, म्हाडा घरांची सोडत काढती तसं. चांगला अर्ज लिहिता येतो म्हणून कुणाचा धंदा चांगला असतो असं नाही. ज्याला इंग्रजी फॉर्म भरता येतो त्यालाच सगळं मिळतं हे मी तीस वर्षं बघतोय.

फडावरची_नात

गणपती पेठवाल्या दादांचं शेवटचं वाक्य अगदी खरं. माझे आजोबा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. आमचं गाव कवलापूर, तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर. सांगलीपास्नं हाकेच्या अंतरावर पण महापालिकेच्या हद्दीत नाही, ग्रामपंचायत आहे. आता तुमच्या सूचनेत अर्जदार शहरात राहणारा पाहिजे असं लिहिलंत तर ज्या कलेनं सांगलीचं नाव महाराष्ट्रभर केलं ती बाहेरच राहिली. राहतो कुठं ते बघू नका, प्रयोग कुठं होणार आणि कोण बघणार ते बघा.

दुसरं असं की समिती म्हटलं की नाटकवाले, गायनवाले, साहित्यवाले येतात. वगनाट्याला गुण देताना त्यांना ते कमी दर्जाचं वाटतं, तोंडावर कुणी म्हणत नाही पण गुणात दिसतं. समितीत फडावर उभं राहिलेलं एक तरी माणूस पाहिजे. आणि अर्ज तोंडी घ्यायची सोय करा. एका दिवशी सगळ्यांना बोलवा, दहा मिनिटं काय करणार ते सांगू द्या, वाटलं तर करून दाखवू द्या, समोर बसलेल्यानं लिहून घ्यावं. आमच्या मावशीला फॉर्म भरता येत नाही पण सवाल-जवाब अशी टाकती की समोरच्याला उत्तर सुचत नाही.

आणि सगळं पैशातच का? तालमीला जागा नाही ही खरी अडचण आहे. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्याच असतात. मिरजेचं बालगंधर्व नाट्यगृह आहे, त्याच्या वर्षातल्या थोड्या तारखा छोट्या मंडळींना बिनभाड्यानं द्या. त्याला ना ऑडिट लागतं ना विनियोग प्रमाणपत्र.

कोथरूडचा_सांगलीकर

बाकीकडं काय करतात ते थोडं. पुण्यात २००६ पास्नं बजेटसाठी नागरिकांकडनं कामं मागवतात, मुळात ही कल्पना ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ ला सुरू झाली. मी दोनदा अर्ज दिलेत. चांगलं आहे, पण त्यात सुचवली जातात ती फूटपाथ, बाकडी, दिवे असली कामं, कलेचं काही त्यात पुढं येताना मी तरी बघितलं नाही. त्यामुळं लोकांच्या मतावर सोडा म्हणणाऱ्यांनी विचार करा, ज्या मंडळाकडं पोरं जास्त त्याला मतं जास्त, आणि एकट्या तंबोरेवाल्याला कोण मत देणार?

इंग्लंडात १९४६ ला आर्ट्स कौन्सिल केलं त्यात लेखा विभागातल्या काकू म्हणतायत तेच तत्त्व, सरकारनं पैसा द्यायचा पण कुणाला द्यायचा त्यात हात घालायचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९६१ पास्नं हॉटेलात उतरणाऱ्यांवरच्या करातनं कलेला पैसा जातो. हे दुसरं मला महत्त्वाचं वाटतं कारण गणपती पेठवाले काका म्हणतात घरपट्टी आम्ही भरतो, ते बरोबरच आहे. नाल्याचा पैसा नाटकाला वळवला असं कुणाला वाटलं तर ही योजना पहिल्याच वर्षी मरंल. नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात फलकाचं शुल्क असल्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा मागा.

तिसरी_घंटा

सगळ्यांचं दोनदा वाचलं, काल रात्री ग्रुपवर पण टाकलं. मसुद्यात बरंच बदलतोय.

प्रभागनिहाय नावं हे काढून टाकलं. काकूंचं घेतलं, नियम आणि रक्कम महासभेनं, निवड बाहेरच्या समितीनं, नातेवाईक असला की बाहेर, गुण आणि कारण सगळ्यांचं बोर्डावर. पैसा कुठल्या उत्पन्नातनं तेही लिहितोय, आणि नाल्याच्या पैशाला हात लावू नये हे पहिल्याच परिच्छेदात. राहण्याची अट काढली, ताई, ती खरंच आमच्या ध्यानात आली नव्हती आणि त्याचं मला वाईट वाटलं, कारण कवलापूरच्या फडांचे वग बघतच मी मोठा झालोय. तोंडी अर्ज आणि तालमीला शाळा, दोन्ही घेतलं.

दोन खाती करायची पण मधे भिंत नको असं ठरलं. अर्ज एकाच ठिकाणी द्यायचा आणि कुठल्या खात्यात बसतो ते समितीनं बघायचं, अर्जदाराला इकडनं तिकडं पाठवायचं नाही. वाद्य कारागिरांच्या अर्जाला एक गाणारा-वाजवणारा आणि एक धंद्यातलं कळणारा असे दोघं बसतील.

चिठ्ठ्यांचं मात्र जमेना. ग्रुपमधे सहा विरुद्ध सात झालं. धंद्याच्या छोट्या रकमेला मला पटतंय, पात्र सगळेच सारखे गरजू असतील तर निवडायचं कशावर? पण नाटकाला चिठ्ठी म्हणजे ज्यानं सहा महिने तालीम केली आणि ज्यानं काल संहिता उचलली त्यांची किंमत सारखी धरली. तिथं माझा हात थांबतो.

गणपती_पेठ_दुकान

मग धंद्याला चिठ्ठी आणि नाटकाला गुण असं लिहा की. आणि कागद भिजले असतील तर पंचनामा चालंल असंबी लिहा, विसरू नका.

जवारी_मिरज

दादा रविवारी मसुदा वाचायला बसणार असाल तर मी येतो. भोपळ्याची खरेदी कधी, त्याला किती दिवस लागतात, पैसे कधी अडकतात हे महिन्यानुसार वहीत लिहिलेलं आहे माझ्या वडिलांनी, ती वही आणतो. जाहिरात कुठल्या महिन्यात काढायची ते त्यावरनं ठरवू.