एक्सेल म्हणतं शेवटी सहा शून्यं, मग २^६७ − १ ला दहाने भाग जातो का?

बोरीकाठ (अमळनेर):
घरी नववी-दहावीच्या आठ पोरांची शिकवणी घेतो. परवा मूळ संख्या चालू होत्या, म्हणून २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करायला दिलं. कापसाच्या वजनाचा हिशेब ठेवतो त्याच एक्सेलमध्ये एकाने टाकलं. आलं १४७५७३९५२५८९६७६००००००. "सर, दहाने भाग जातो. संयुक्त. झालं!"
उत्तर बरोबर, कारण साफ चूक! २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात. ६७ वा ८ वर संपतो, १ गेला की ७. शून्य येणार कुठून? पण मग ही संयुक्त आहे हे पोराला पटवू कसं? भाग देत बसलो तर दहावी संपेल त्याची.

केळीवाला (रावेर):
भाऊ, एक्सेल १५ अंक धरतं, पुढे शून्यं भरतं. खरी संख्या २१ अंकी: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मी एकदा १६ अंकी कार्ड नंबर टाकले होते, सगळ्यांच्या शेवटी ०.

जुने मास्तर (चाळीसगाव):
२ च्या कोणत्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, अशा घातांकांची यादी फ्रेंच धर्मगुरू मर्सेनने १६४४ साली दिली, त्यात ६७ घातला होता. १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लूकासने २^६७ − १ मूळ नाही हे दाखवलं, आणि गंमत म्हणजे एकही अवयव हाती नसताना.
त्या कल्पनेचं आजचं रूप पोरांना जमेल. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा २ ने कमी वेळा. ३१ साठी (२^५ − १, घातांक ५) तीनदा: ४ वरून १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. शून्य आलं, मूळ. ६७ ला हे ६५ वेळा करायचं, आणि शून्य येत नाही.
अवयव मिळाले १९०३ मध्ये. ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत अमेरिकन गणितज्ञ कोल यांनी फळ्यावर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ मांडलं. म्हणतात, एक शब्द न बोलता. तीन वर्षांचे रविवार गेले, हेही म्हणतात.

केळीवाला (रावेर):
सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं असेल का?

जुने मास्तर (चाळीसगाव):
छे. इथला कोणताही विभाजक १३४ च्या पटीत १ मिळवलेलाच असतो, शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७. बरेच उमेदवार तिथेच गळतात. तरी लहान अवयव १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीवर बसलाय.

बोरीकाठ (अमळनेर):
काल लाईट नव्हती. चौकटीच्या वहीत पोरांकडून कोलचा गुणाकार करून घेतला. नऊ ओळी, हातच्यांचा चिखल. पडताळ्याला नऊ काढले, म्हणजे अंकांची बेरीज करून ९ ने भागून बाकी बघितली, अवयवांच्या बाक्यांचा गुणाकार उत्तराच्या बाकीशी जुळायला हवा: पहिल्या अवयवाची अंकबेरीज ३७, दुसऱ्याची ६४, दोन्हींची बाकी १. उत्तराची बेरीज १०९, बाकी १. टाळ्या.
मग मी ओळीने वाचलं तर शेवट ४१२२९७. खरा ४१२९२७. उतरवताना ९ आणि २ ची अदलाबदल झालेली, आणि नऊला ती कळतच नाही, बेरीज तीच राहते ना! अकराने लगेच पकडली: उजवीकडून अंक एकाआड एक अधिक-उणे करून, ११ ने भागून अवयवांच्या बाक्या ९ आणि ८, गुणाकार ७२, बाकी ६ यायला हवी. आमची आली ३. अंक सरळ केले, ६.
एक्सेलवाला पोरगा आता वहीच्या मागच्या पानावर २ चा २५७ वा घात हाताने काढतोय. मर्सेनच्या यादीत तोही घातांक होता, आणि तिथेही संख्या संयुक्तच निघाली. त्याला अजून सांगितलेलं नाही.