मारिओच्या नळातलं चावरं फूल नेमकं कधी बाहेर येतं?

अमळनेरची आत्या

प्रश्न पोरकट वाटेल, पण आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत म्हणून विचारते. मे महिन्यात भाचेकंपनी आली की अकरा ते पाच कुणी उंबरा ओलांडायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. बाहेर ४५ अंश, गच्चीवर बिबडे वाळत घातलेले, आत कूलर नुसता घरघरतोय. मग करायचं काय? थोरल्या भाच्याने मोबाइल टीव्हीला जोडून जुना सुपर मारिओ ब्रदर्स लावून दिला. १९८५ चा, आम्ही कॅसेटवर खेळायचो तोच.

माझी खेळायची पद्धत ठरलेली आहे. नळ आला की त्याला चिकटून उभी राहते. फूल वर येत नाही. मग निवांत नळावर चढून पलीकडे. हे बघून धाकटा म्हणाला, "आत्या, ते मारिओला घाबरतं." थोरला म्हणाला, "घाबरत नाही, ते दबा धरून बसतं." मला दोन्ही पटेनात. घाबरतं म्हणावं, तर फूल वर आलेलं असताना मी जवळ गेले तरी ते पळत नाही, आपला वेळ घेऊन सावकाश खाली जातं. दबा धरतं म्हणावं, तर मी नळाच्या तोंडावर उभी राहिले की खालून चावायला काय हरकत होती? इतकी सोन्यासारखी संधी सोडतं म्हणजे कसला शिकारी!

आणखी दोन गोष्टी. पहिल्या लेव्हलमध्ये नळ आहेत, पण एकातही फूल नाही. आणि थोरल्याने नंतर दुसराच एक मारिओ लावला, दिसायला सगळं तेच. त्यातलं लाल फूल मी चिकटून उभी असतानाही वर आलं आणि माझा मारिओ गेला. पोरं अजून हसताहेत.

माहीतगारांनी सांगावं. "पोरांना अभ्यासाला बसवा" असं कुणी लिहू नये, सुट्ट्या आहेत.

केळीवाला, रावेर

फायरवालं फूल खायचं (ते वेगळं, गोळी मारायची ताकद देणारं), लांबून चावऱ्या फुलाला गोळी हाणायची, २०० पॉइंट घ्यायचे. विषय संपला भो. डोक्यावर उडी मारायला मात्र जाऊ नका, बाकीचे मरतात तसं हे मरत नाही.

अमळनेरची आत्या

दादा, गोळी हातात असली तर मी इथे विचारायला आलेच नसते. गोळी टिकते कुठे? एक धक्का लागला की गेली. माझा प्रश्न बारक्या मारिओचा आहे.

भुसावळ जंक्शन

ताई, तुमचं निरीक्षण पक्कं आहे. या गेमचा प्रोग्रॅम लोकांनी उलगडून ओळ न् ओळ वाचून ठेवलाय, मीही त्यात बराच वेळ घालवलाय. (घरचे म्हणतात वाया घालवलाय.) म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फुलाला ना भीती, ना डोळे. वर जा, थोडं थांब, खाली ये, पुन्हा थोडं थांब, एवढंच त्याचं काम. दोन्ही टोकांचं थांबणं जेमतेम सेकंदभराचं. यातल्या एकाच क्षणी गेम मारिओकडे बघतो: फूल तळाशी आहे, थांबायची वेळ संपलीय आणि आता ते निघणार. तेव्हा तो फूल आणि मारिओ यांच्यातलं आडवं अंतर मोजतो. ३३ पिक्सेलपेक्षा (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका) कमी भरलं तर फूल आतच. तुम्ही दूर झालात की लगेच निघायला मोकळं.

गेममधली एक वीट १६ पिक्सेलची, नळ दोन विटांएवढा रुंद आणि फूल त्याच्या मधोमध. म्हणजे नळाला अगदी घासून उभं राहायचीही गरज नाही, अर्धी वीट जागा सोडली तरी चालतं. फूल एकदा वर निघालं की मग कसलीच तपासणी नाही. म्हणून ते तुम्हाला बघून पळत नाही.

आता गंमत. मोजमाप फक्त आडवं आहे, उंची हिशेबातच नाही. तुम्ही नळाच्या शेजारी आहात, वर उभ्या आहात की वरून उडी मारून चालल्या आहात, फुलाला सगळं सारखंच. थोरल्याला हे करून बघायला सांगा.

हा नियम ठेवला नसता तर काय झालं असतं बघा. नळावर उभं राहिलं की खालून अचानक मरण, तेही न दिसता. ज्या नळांतून खाली तळघरात जायचं, त्यांच्यावर तर मुद्दाम चढावंच लागतं. खेळणाऱ्याला वाटलं असतं, गेम फसवतोय. माझ्या मते या अख्ख्या गेममधली ही सगळ्यात सभ्य गोष्ट आहे. हातोडे फेकणारे भाऊ इतके सभ्य नाहीत!

पहिल्या लेव्हलचं उत्तर सोपं आहे. नळ रंगवताना गेम विचारतो, ही १-१, म्हणजे पहिल्या जगाची पहिली लेव्हल, आहे का? असेल तर फूल लावायचंच नाही. नवख्याने आधी पळणं, उडी मारणं, नळात शिरणं शिकावं, हा हेतू उघड दिसतो. १-२ पासून फुलं सुरू.

आणि हा सगळा गेम ४० किलोबाइटचा, ३२ प्रोग्रॅमचे आणि ८ चित्रांचे. फूल नळातून उगवल्यासारखं दिसतं ना? तिथे फक्त त्याचं चित्र नळाच्या मागे ठेवलंय. आत वगैरे काही नाही.

केळीवाला, रावेर

मज्या उनी भो. म्हणजे लहानपणी आम्ही नळाजवळ श्वास रोखून उभे राहायचो त्याचा काही उपयोग नव्हता.

अमळनेरची आत्या

उडीचं करून बघितलं. तळाशी असताना बरोबर वरून गेलं तर खरंच येत नाही. थोरला गप्प, धाकटा खूश, का ते मला कळलं नाही, दोघंही हरलेत. पण लाल फुलाचं राहिलं.

भुसावळ जंक्शन

ते लाल फूल बहुतेक १९८६ च्या सुपर मारिओ ब्रदर्स २ मधलं. तो तेव्हा फक्त जपानात आला, डिस्कवर. पहिला गेम कोळून प्यायलेल्यांसाठी केलेला, त्यामुळे मुद्दाम छळणारा. बाहेरच्या लोकांना तो १९९३ मध्ये सुपर मारिओ ऑल-स्टार्स या संचात मिळाला. त्यातली लाल फुलं तुम्ही शेजारी उभ्या असलात तरी वर येतात, नळाच्या तोंडावर उभं राहिलं तरच थांबतात. काही नळ उलटे टांगलेले, त्यांतून फूल खाली लोंबतं. तुमच्या मारिओचा दोष नाही, पहिल्या गेममध्ये लागलेली सवयच तिथे मारते. करणाऱ्यांनी ती बरोबर हेरली होती.

१९८८ च्या तिसऱ्या मारिओत तर फूल आगीचे गोळे थुंकतं. तिथलं सातवं जग म्हणजे नुसते नळच नळ.

नंदुरबारचे मास्तर

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. पण वनस्पतीचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. लोक याची तुलना व्हीनस फ्लायट्रॅपशी करतात. ते झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनामधल्या दलदलीतलं. तिथल्या मातीत नत्र कमी, ती उणीव ते किडे खाऊन भरून काढतं. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत त्याला ही उठाठेव करावी लागली नसती.

त्याच्या पानाच्या आतल्या बाजूला बारीक केस असतात. एकदा केस हलला तर पान मिटत नाही. वीसेक सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा हलला तरच मिटतं. पावसाच्या थेंबाने फुकट मिटू नये म्हणून ही सोय. म्हणजे खरं झाड जवळ आलेल्याला पकडतं आणि तुमचं फूल जवळ आलेल्याला सोडतं. नियम दोघांचेही कडक, दिशा उलटी. महाराष्ट्रात पावसाळ्यात ओल्या कातळावर दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती दिसते, तीही कीटकभक्षी. पण तिला जबडा नाही, चिकट थेंबांवर काम भागवते.

माझं मत विचाराल तर गेममधल्या त्या प्राण्यात झाडाचा एकच गुण आहे, जागा न सोडणं. बाकी तो नावाप्रमाणे पिरान्हा, दात असलेला मासाच.

केळीवाला, रावेर

मास्तर, तोही गुण गेला आता. १९९० च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये ते नळातून टुणकन उडी मारतं. आणि सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटमध्ये जानेवारी २०१९ पासून तुम्ही स्वतः ते फूल होऊन खेळू शकता. कुंडीसकट चालतं, कुंडीसकट मारामारी करतं. माझा पुतण्या दुसरं कुणी निवडतच नाही.

नंदुरबारचे मास्तर

कुंडीसकट चालतं! हे वर्गात सांगायला हरकत नाही.

अमळनेरची आत्या

सगळ्यांना धन्यवाद. धाकट्याचा एक शेवटचा प्रश्न, त्याशिवाय तो जेवायला उठणार नाही. १-२ च्या शेवटी छतावरून पळत गेलं की ४, ३, २ असे आकडे लिहिलेले तीन नळ येतात. तिथे मजकूर उमटायच्या आधी एकदा नळात फूल दिसलं, मग गायब झालं. ते कुठे जातं?

भुसावळ जंक्शन

धाकट्याची नजर चांगली आहे. पडदा तिथे सरकायचा थांबला की गेम मजकूर लिहितो आणि त्याच वेळी पडद्यावरची सगळी फुलं पुसून टाकतो. त्या नळांत शिरून थेट त्या आकड्याच्या जगात जायचं असतं, फूल मध्ये आलं तर शिरणार कसं? त्याला सांगा, चारच्या नळात बिनधास्त जा. पण चौथ्या जगात ढगावर बसून काटेरी गोळे टाकणारा आहे, तो फुलाइतका सभ्य नाही. आधी जेवून घे म्हणावं.